दुसऱ्याचा रस्ता अडवताना



मघाशी प्रास्ताविकात या व्यासपीठावरून बोलून गेलेल्या विद्वानांची नावे वाचली गेली, तेव्हा मी खुर्चीत जरा अंग चोरूनच बसलो होतो. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानांची प्रथा घातली, ती लोकांनी इतिहास, अर्थकारण, समाजसुधारणा अशा विषयांवर विचार करावा म्हणून. माझा विषय आहे मोटारसायकलींच्या फेरीत रस्त्याच्या कोपऱ्यावर शिट्टी घेऊन उभे राहणे. चिटणीसांनी मला विचारले, ‘‘यात तासभर बोलण्यासारखे काय आहे?’’ मी म्हटले, उभे राहायला तीन तास लागतात. बोलायला एक तास जास्त होणार नाही.

मी सूसचा रहिवासी. पाषाणकडून येताना महामार्गावरचा पूल ओलांडला की आमचे गाव लागते. गाव म्हणण्याची जुनी सवय आहे. २०२१ साली सूस पुणे महापालिकेत गेले, आणि आता आम्ही कागदोपत्री नागर झालो. तालुका मात्र मुळशी. तुमच्यापैकी जे रविवारी सकाळी लवकर उठत असतील त्यांना ठाऊक आहे, की आमच्या रस्त्याने त्या दिवशी मोटारसायकलींचे थवेच्या थवे जातात. सूस, नांदे, चांदे, पुढे घोटावडे, पिरंगुट, पौड, मुळशीचे धरण, आणि मग ताम्हिणीचा घाट उतरून माणगावपर्यंत. पावसाळ्यात तर घाटाकडे जाणारी ही रांग संपतच नाही. माझ्याकडेही एक जुनी येझदी आहे. ती चालते कमी आणि उभी राहते जास्त. म्हणूनच बहुधा मित्रांनी मला फेरीत चालवायला न घेता कोपऱ्यावर उभे राहायला सांगितले. अशी माझी मार्शल म्हणून नेमणूक झाली.

आता ही मोटारसायकलींची फेरी म्हणजे काय प्रकार आहे, ते थोडक्यात सांगतो. अमेरिकेतील साऊथ डकोटा राज्यात स्टर्जिस नावाचे सुमारे सात हजार वस्तीचे गाव आहे. तेथे १९३८ साली क्लॅरेन्स होएल नावाच्या गृहस्थांनी काही शर्यतवीरांना घेऊन एक मेळा भरवला. आज तो मेळा ऑगस्टमध्ये भरतो, आणि २०१५ साली पंचाहत्तराव्या मेळ्याला सात लाखांवर माणसे आली असा अंदाज झाला. म्हणजे एका गावाच्या शंभरपट पाहुणे! आपल्या शेजारी गोव्यात वागातोरला २०१३ पासून ‘इंडिया बाइक वीक’ सुरू झाला. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या मार्क हव्वा यांनी २०१२ साली एक निराळीच फेरी काढली. कोट, टाय, चकचकीत बूट घालून जुन्या धाटणीच्या गाड्यांवरून सभ्य गृहस्थांसारखे हिंडायचे, आणि पुरुषांच्या प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी व मानसिक आरोग्यासाठी वर्गणी गोळा करायची. ती आता जगभर निघते, आपल्या देशातही निघते. मे महिन्याच्या उन्हात सुटाबुटाने गाडी चालवणाऱ्या मराठी माणसाच्या परोपकारबुद्धीबद्दल मला तरी शंका उरलेली नाही.

पण आपल्या घरची म्हणावी अशी फेरी पाडव्याची. डोंबिवलीला गणेश मंदिर संस्थानाच्या पुढाकाराने १९९९ साली नववर्ष स्वागतयात्रा निघाली, आणि तेथून ती प्रथा ठाणे, गिरगाव अशी गावोगाव गेली. गिरगावात नऊवारी नेसून, फेटा बांधून बुलेटवरून जाणाऱ्या स्त्रियांची छायाचित्रे आपण दरवर्षी वर्तमानपत्रांत पाहतो. ते दृश्य मला मनापासून आवडते. ज्या गाडीची भारतातली कीर्ती लष्कराने केलेल्या खरेदीपासून सुरू झाली, ती गाडी माझ्या मुलीच्या वयाची बाई एका हाताने सांभाळते, यात काहीतरी बदलले आहे खास. फक्त एक गोष्ट मार्शल म्हणून खटकते, तीही सांगून टाकतो. मोटार वाहन कायद्याच्या १२९ व्या कलमात शिरस्त्राणाची सक्ती आहे, आणि पगडी बांधणाऱ्या शिखांना तेवढी सूट आहे. पाडव्याच्या फेट्याला ती नाही. आणि कायदा बाजूला ठेवला तरी डांबराला फेटा समजत नाही. असो, हा वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे, आणि तो मी बायकांच्या सभेत मांडणार नाही.

मार्शलचे काम मात्र या छायाचित्रांत दिसत नाही. आयल ऑफ मॅन नावाच्या बेटावर १९०७ पासून मोटारसायकलींच्या शर्यती होतात. तेथील डोंगरी मार्गाची एक फेरी सुमारे साठ किलोमीटरांची. ती सारी वाट म्हणजे एरवी लोकांची रोजची वाट. शर्यतीपुरती बंद होते. वळणावळणावर निशाण घेऊन जी शेकडो माणसे उभी राहतात, ती पगारी नसतात. कोणी शिक्षक, कोणी सुतार, कोणी रजा काढून आलेला कारकून. पुरेसे मार्शल जागेवर नसतील तर शर्यत सुरूच होत नाही. मी हे प्रथम वाचले तेव्हा माझी छाती थोडी फुगली होती. कोपऱ्यावरच्या माणसावाचून सारे अडते, ही कल्पना कोपऱ्यावरच्या माणसाला गोड वाटणारच.

आमच्या फेरीचे नाव मी सांगत नाही. तिच्या संयोजकांनी मला प्रेमाने वागवले आहे, आणि पुढे जे सांगायचे आहे त्यात दोष आहे तो मुख्यतः माझा.

त्या वर्षी तीनशेवीस गाड्या होत्या. माझी जागा गावात, जेथे आतल्या वस्तीतून येणारा रस्ता मोठ्या रस्त्याला मिळतो तेथे. अंगात पोपटी रंगाचे चमकते जाकीट, गळ्यात शिट्टी, हातात लाल फडके बांधलेली काठी. सांगितलेले काम सोपे होते. पहिली गाडी दिसली की आतला रस्ता थांबवायचा, आणि शेवटची गाडी गेली की सोडायचा. शेवटच्या गाडीला आमच्यात ‘शेपूट’ म्हणतात.

पहिली गाडी आली. मी शिट्टी वाजवली, काठी आडवी धरली आणि रस्ता थांबला. बंधूंनो, खरे सांगतो, तो क्षण फार सुखाचा असतो. आयुष्यभर मी कचेरीत दुसऱ्यांच्या सहीसाठी थांबलो. आणि येथे माझ्या एका हाताने चार रिक्षा, एक टेम्पो, दुधाच्या दोन गाड्या थांबल्या! समोरून गाड्यांचा गडगडाट जातो आहे, पोरे हात हलवताहेत, कोणी माझी छबी टिपतो आहे. मी काठी जरा जास्तच ताठ धरली असावी.

पाच मिनिटांनी एका रिक्षातून एक तरुण उतरून माझ्याजवळ आला. ‘‘काका, आई हाय मागं. रगत तपासायला न्यायचंय, उपाशी आणलीय. जाऊ द्या की.’’

मी म्हटले, ‘‘दोनच मिनिटं, दादा. शेपूट आलंच.’’

शेपूट आले नव्हते. दोन मिनिटांनी तो पुन्हा आला. या वेळी त्याचा आवाज चढला होता. मी मधल्या एखाद्या फटीतून रिक्षा सोडू शकलो असतो. पण रांग तोडायची नाही अशी आम्हांला सक्त ताकीद होती, आणि वरून टिपणाऱ्या यंत्राची घरघर डोक्यावर चालू होती. मी काठी आडवी धरूनच उभा राहिलो. एकूण अकरा मिनिटे रस्ता बंद होता. मी नंतर घड्याळ पाहून हिशेब केला म्हणून नेमके सांगतो.

शेवटी शेपूट गेले. मी काठी उचलली, तरी ती रिक्षा जागची हलली नाही. त्या माऊलीला मधुमेह होता. पहाटे सवयीने तिने साखरेची गोळी घेतलेली, आणि तपासणीसाठी पोटात अन्नाचा कण नव्हता. घामाने तिचा चेहरा डबडबला होता, हात थरथरत होते, लेकाने विचारले तरी तिला नीट बोलता येत नव्हते. मी नुसता उभा. धावला तो कोपऱ्यावरचा चहाच्या टपरीवाला. त्याने काही न विचारता पेल्यात चार चमचे साखर टाकली, पाणी घातले, ढवळले आणि तिच्या हाती धरवून थोडे थोडे पाजले. दहा-पंधरा मिनिटांत म्हातारी सावध झाली. तपासणी त्या दिवसापुरती बुडालीच. तोवर मी जाकीट काढून हातात घेतले होते. का, ते मला सांगता येणार नाही. ती माझ्याकडे पाहून म्हणाली, ‘‘तुमचं झालं का सगळं? बसा आता, पाय दुखलं असतील.’’

तिच्या लेकाने मला शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते.

पारावर बसलेले एक म्हातारे गृहस्थ मात्र बोलले. ‘‘हा रस्ता रुंद करताना आमच्या बांधाची जमीन गेली. तवा कुणी शिट्टी वाजवली न्हवती.’’ एवढे म्हणून त्यांनी तंबाखू मळायला घेतली.

त्या रात्री मी कागद घेऊन बसलो. मला गणिताची थोडी सवय आहे. फेरीत गाड्या दोन ओळींत, पण एकमेकींच्या बरोबरीने न जाता आडव्यातिडव्या जातात. आपल्याच ओळीतल्या पुढच्या गाडीपासून दोन सेकंदांचे अंतर, म्हणजे दोन्ही ओळी मिळून दर सेकंदाला एक गाडी कोपरा ओलांडते. तीनशेवीस गाड्यांना तीनशेवीस सेकंद, सव्वापाच मिनिटे. ताशी छत्तीस किलोमीटरच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला दहा मीटर धरले, तर रांगेची लांबी तीन किलोमीटरांच्या वर. डोके गावाबाहेर पडले तरी शेपूट पुलापलीकडेच! हे झाले कागदावर. रस्त्यावर पुढचा माणूस खड्डा पाहून किंचित वेग कमी करतो, त्याच्या मागचा थोडा जास्त करतो, त्याच्या मागचा त्याहून जास्त, आणि पन्नासावा माणूस पाय टेकून उभा राहतो. मग पुढे मोकळे दिसते म्हणून तो जोरात निघतो. हार्मोनियमच्या भात्यासारखी रांग आखडते आणि ताणते. सव्वापाचाची अकरा मिनिटे होतात ती अशी, आणि अपघात होतात तेही बहुधा शेपटाकडच्या या ओढाताणीत.

याच गाड्या वीस-वीसच्या तुकड्यांनी मिनिटामिनिटाच्या अंतराने सोडल्या तर? एका तुकडीला कोपरा ओलांडायला वीस सेकंद. तेवढे लोक एरवीही एकमेकांसाठी थांबतात. मधल्या मिनिटात रिक्षा जाते, दूध जाते, म्हातारी जाते. सगळी फेरी पंधराएक मिनिटांनी लांबते, एवढाच तोटा.

आणि मला अधिकार तरी कोणता होता? मिरवणुकांचे आणि रहदारीचे नियमन करण्याचे अधिकार महाराष्ट्र पोलीस कायद्याने, जो १९५१ चा आहे, पोलिसांना दिलेले आहेत. पोपटी जाकिटाला त्याने काहीही दिलेले नाही. लोक थांबतात ते निव्वळ भिडेपोटी, किंवा गणवेशासारखे काहीतरी दिसले म्हणून. उलट, रुग्णवाहिकेला वाट न देणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीने दहा हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही सांगितलेली आहेत. रिक्षातली म्हातारी कायद्याने रुग्णवाहिका नव्हती. पण तिला भोंगा नव्हता एवढाच फरक.

पुढच्या वर्षीच्या बैठकीत मी हा कागद मांडला. तेथे मला जो विरोध झाला तो मी आपणांपुढे प्रामाणिकपणे मांडतो, कारण त्यातही तथ्य होते. एक जण म्हणाले, ‘‘रांग तुटली तर फेरी कसली? मग रविवारी रोज जातात तशा गाड्या.’’ हे खोटे नाही. हजार माणसे एका तालात चालताना जो आनंद होतो तो वीस-वीसच्या टोळक्यांत होत नाही. ढोलपथकात वाजवलेल्या कोणालाही विचारा. दुसऱ्यांनी सांगितले, की वरून घेतलेल्या चित्रात अखंड रांग दिसली पाहिजे. त्यावर पुढल्या वर्षीची वर्गणी अवलंबून आहे, आणि ती वर्गणी रुग्णांसाठीच जाते. हा युक्तिवाद मला निरुत्तर करणारा होता. एका रुग्णासाठी पैसे जमवताना दुसऱ्या रुग्णाला अडवले, तर जमाखर्च कोणत्या वहीत मांडायचा, हे मला अजून समजलेले नाही.

मी त्यांना वारीची गोष्ट सांगितली. आपल्याकडे सर्वांत मोठी रांग चालवण्याचा अनुभव मोटारसायकलवाल्यांना नाही, वारकऱ्यांना आहे. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखी सोहळ्याला आजचे रूप दिले ते हैबतबाबा आरफळकरांनी; ते शिंद्यांच्या पदरी सरदार होते, आणि लष्करी शिस्त त्यांच्या अंगात होती. दिंड्यांना क्रमांक, रथापुढच्या कोणत्या, रथामागच्या कोणत्या, सारे ठरलेले. मुक्कामी समाजआरतीला सगळ्या दिंड्या गोल उभ्या राहतात. चोपदार आपला दंड उंचावतो आणि लाखभर लोकांचे टाळमृदंग एकदम थांबतात. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती टाळ वाजवीतच राहते. बाकी सारे शांत, आणि एका कोपऱ्यातून तेवढाच खणखणाट. मग चोपदार तेथे जातो, तक्रार ऐकून घेतो, तेव्हा तो टाळ थांबतो आणि पुढचे काम चालते.

माझ्यापुढे ते दृश्य कित्येक वर्षे होते, आणि तरी त्या रविवारी माझ्या कोपऱ्यावर टाळ वाजत असताना मी काठी उंच धरून उभा होतो.

याच मुळशी तालुक्यात स्वयंसेवक हा शब्द जुना आहे, हेही मी त्या बैठकीत सांगितले. १९२१ साली रामनवमीला धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापटांचे नाव त्याच लढ्यातून घरोघर गेले. ते स्वयंसेवक रस्ता अडवून उभे राहिले ते ज्यांच्या जमिनी बुडणार होत्या त्यांच्यासाठी. आम्ही अडवला तो ज्यांच्या जमिनी रस्त्यात गेल्या त्यांच्याविरुद्ध. हे जरा जोराचे झाले, असे मला नंतर वाटले. एक दोघे उठूनही गेले.

अखेर तडजोड झाली. पुलापर्यंत चित्रासाठी अखंड रांग, आणि गावाआधी मोकळ्या जागेत थांबून तुकड्या. वळणांवर मार्शल कमी आणि फेरीतलेच लोक जास्त, अशीही एक नवी पद्धत घेतली. म्हणजे असे, की तुकडीचा पुढारी वळणावर हाताने खूण करतो, त्याच्या लगेच मागचा स्वार तेथेच बाजूला उभा राहून बाकीच्यांना वाट दाखवतो, आणि शेपूट आले की त्याच्यापुढे रांगेत शिरतो. पुढच्या वळणावर आता पुढाऱ्यामागे जो आला असेल तो थांबतो. कोणाचेच काम तीन-चार मिनिटांहून अधिक नाही, आणि कोणालाच रस्ता अडवावा लागत नाही. नुसता दाखवावा लागतो.

पद्धत उत्तम. फक्त वाट दाखवणाऱ्याने जागा सोडता कामा नये. पहिल्याच वर्षी एका उत्साही तरुणाला मागून आलेल्या मित्रांनी हाक मारली आणि तो शेपूट येण्याआधी त्यांच्याबरोबर निघून गेला. त्याच्यामागून येणारे अठरा जण नांद्याऐवजी म्हाळुंग्याकडे वळले आणि रविवारच्या सुनसान हिंजवडीत काचेच्या इमारतींभोवती अर्धा तास फिरत राहिले. त्यांपैकी दोघे तेथेच नोकरीला होते. सुट्टीच्या दिवशी कचेरीपुढे उभे राहावे लागल्याचे त्यांचे दुःख त्यांनी जेवताना सविस्तर सांगितले. बैठकीत अखंड रांगेच्या बाजूचे जे होते त्यांना अर्थातच आनंद झाला, आणि यंदा हा वाद पुन्हा निघाला आहे. त्याचा निकाल अजून लागायचा आहे. मी माझ्या बाजूने कागद नव्याने करून ठेवला आहे.

माझ्या कोपऱ्यावर मात्र त्या वर्षी एकदाच रस्ता थांबवावा लागला, तोही अर्धा मिनिट. माझ्या खिशात आता ग्लुकोजची पुडी असते. त्या माऊलीला मी मधूनमधून गावात पाहतो. ती मला ओळखते की नाही ते कळत नाही, कारण ती प्रत्येकाशी सारख्याच आपुलकीने बोलते. टपरीवाल्याला आम्ही जाकीट देऊ केले, ते त्याने घेतले नाही. म्हणाला, ‘‘त्ये घातल्यावर गिऱ्हाईक यायचं न्हाई.’’

अध्यक्षांचा हात घंटीकडे गेलेला मला दिसतो आहे. तेव्हा कामाचे तेवढे सांगतो. यंदाच्या फेरीला सूस ते नांदे एवढ्या टप्प्यात तीन कोपऱ्यांवर अजून माणसे नाहीत. मोटारसायकल चालवता येण्याची अट नाही. साठी उलटलेले चालतील, बायका आल्या तर फारच उत्तम. सकाळी साडेसहाला पोचावे लागते. चहा टपरीवर, तो आमच्याकडून. ज्यांना यायचे असेल त्यांनी बाहेर पडताना दाराशी ठेवलेल्या वहीत नाव लिहावे. शिट्ट्या या वर्षीपासून आम्ही देत नाही.